गोडंबीचा डबा

“मिस्त्री, हात दाखवा बरं.”

काशीराम नागरेच्या विहिरीवरची मोटार माझ्या दुकानात माझ्यासमोर उघडी पडली होती आणि मी तिच्यातली जळालेली तार उपसत होतो. मी पक्कड खाली ठेवली आणि हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत पाण्याने भरलेले फोड आले होते. मनगटापर्यंत लाल चट्टे होते. आदल्या दिवशी नुसती खाज होती.

“वार्निश लागलं असेल,” मी म्हणालो. “नवा डबा फोडला सोमवारी.”

काशीरामने माझा हात मनगटाला धरून उन्हाकडे वळवला. “तीस वर्षं वार्निशात हात घालता तुम्ही. आताच काहून उतेल? हा बिबा आहे मिस्त्री. बिबे फोडले का?”

“मी कशाला बिबे फोडू?”

“मग हात कशात घातला?”

रविवारी याच हातांनी मी डिंकाचे चोवीस लाडू वळले होते, आणि ते लाडू आता माझ्या घरात नव्हते.

ज्यांनी बिबा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळं, चपटं, सुपारीएवढं फळ असतं. त्याच्या सालीत काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की एकदोन दिवसांनी अंग फोडांनी भरतं, त्याला आमच्याकडे बिबा उतला म्हणतात. पण त्याच बिब्याच्या आत पांढरी गोड बी निघते, ती गोडंबी. आमच्या मेहकरच्या भागात गोडंबीशिवाय बाळंतिणीचा लाडू होत नाही.

मी घरात गेलो. दुकान पुढे आणि घर मागे, मधे एक दार. स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवरून गोडंबीचा डबा उचलला आणि काशीरामपुढे ठेवला. तळाशी मूठभर उरली होती. त्याने डब्यात हात घातला नाही. जमिनीवरची काडी उचलून चारदोन बिया बाहेर ओढल्या.

“हे पाहा. कडेला काळं दिसते का? फोडून नुसती भरून ठेवली आहे. साफच केली नाही.”

“साफ म्हणजे?”

“ते मले नाही माहीत. बाया करतात. राखेत घोळतात का विटकरीच्या भुकटीत, काय ते. पण अशी कोणी खात नाही.” त्याने काडी लांब फेकली. “वहिनीनं अर्धं काम ठेवलं होतं वाटते.”

द्वारका, माझी बायको, दिवाळीनंतर दहाव्या दिवशी गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. दसऱ्याच्या आसपास ती मागच्या ओट्यावर बसून बिबे फोडत होती हे मला आठवलं. पुढचं काम तिने दिवाळीनंतर करायचं ठरवलं असेल.

“तुम्ही खाल्ले का लाडू?” काशीरामने विचारलं.

“नाही. मला साखर आहे.”

“मग कोणी खाल्ले?”

“जालन्याला पाठवले. ऑनलाइन.”

“कोणाले?”

“बाळंतीण आहे.”

काशीराम उठून उभा राहिला. आमच्या ओळखीला वीस वर्षं झाली होती आणि तो मला टोमणा मारल्याशिवाय दुकानातून कधी गेला नव्हता. त्या दिवशी त्याने टोमणा मारला नाही. “आमच्या गावात एकीच्या पोटात गेलं होतं,” तो म्हणाला. “घसा सुजला. श्वास घेता येईना. मिस्त्री, मोटार राहू द्या. त्या बाईले फोन लावा पहिले.”

ऑर्डर आली ती द्वारकाच्या फोनवर. तिचा फोन मी रोज चार्ज करत होतो. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. रविवारी सकाळी चहा घेताना तो वाजला. पडद्यावर लिहिलं होतं, ‘अभिनंदन द्वारकाजी, तुम्हाला पहिली ऑर्डर मिळाली आहे.’

शीतल, आमची मुलगी, नाशिकला असते. दसऱ्याला आली तेव्हा मायलेकींनी मिळून फोनवरच्या एका ॲपवर ते दुकान उघडलं होतं. परवाना काढला, लाडवांचे फोटो काढले, नाव ठेवलं ‘द्वारका गृहउद्योग’. द्वारकाचे लाडू गावात पंधरा वर्षं जात होते, पण जालना, पुणे, मुंबईला जातील असं तिला वाटायचं. मी म्हणायचो, “फोनवरून कोणी लाडू घेतं का?” ती म्हणायची, “घेतील. तुम्ही खोकी आणून ठेवा.” मी खोकी आणून ठेवली होती. पन्नास. ती तशीच माळ्यावर पडली होती.

मी शीतलला फोन केला. ऐकताच तिला रडू फुटलं. मग म्हणाली, “बाबा, रद्द करते मी. दुकान बंद करायचं राहूनच गेलं माझ्याकडून.”

“कोणाची ऑर्डर आहे?”

“जालन्याच्या प्रणाली वायाळ. खाली लिहिलंय, पहिलं बाळंतपण आहे, लवकर पाठवा.”

“रद्द करू नको. मी करतो.”

“तुम्ही? बाबा, तुम्हाला पोहे तरी येतात का?”

“आईची वही आहे. त्यात सगळं लिहिलंय.”

“चोवीस तासांत पाठवावं लागतं. नाहीतर ते आपोआप रद्द करतात आणि दुकानाचे तारे कमी होतात.”

“एकही तारा नाही अजून. कमी काय होणार?”

ती रडता रडता हसली. ती हसली म्हणून मी वही काढली.

वहीत खरंच सगळं होतं. डिंक किती, खारीक किती, खोबरं किती भाजायचं, गुळाचा पाक कधी उतरवायचा. गोडंबीपुढे लिहिलं होतं, ‘पाव किलो’. एवढंच. डबा फळीवर होता, त्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘गोडंबी’. मी तो उघडला आणि मापून घेतली. माझ्या बोटांना तारा ओढून इतके घट्टे पडले आहेत की चिकट काही लागलं असेल तरी ते मला कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत लाडू झाले. काही मोठे, काही लहान. द्वारका लाडू वळून झाले की पहिला उचलून स्वतःच खायची, ओट्याशी उभ्यानेच. देवालासुद्धा नंतर. यावरून मी तिला आयुष्यभर चिडवलं. शीतलच्या बाळंतपणात तिची सासू आली होती. तिच्यासमोर मी म्हणालो होतो, “आमच्याकडे आधी मालकिणीचं तोंड चालतं, मग बाळंतिणीचं.” विहीणबाई हसल्या. द्वारकाही हसली. मी एक लाडू मागितला तर म्हणाली, “तुम्हाला उद्या.” नेहमी असंच म्हणायची. मला वाटायचं, लाडू पुरवून पुरवून वापरायची सवय आहे.

त्या रविवारी मी एकही खाल्ला नाही. साखर होतीच, पण शिवाय वाटलं, आपण नीट धंदा करू. आधी गिऱ्हाईक. याचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

खोक्यात लाडू भरले आणि वर एक चिठ्ठी ठेवली. माझ्या हाताने लिहिली. ‘रोज सकाळी अनशापोटी एक लाडू, कोमट दुधासोबत.’ खोक्यावर पत्त्याचं छापील लेबल चिकटवलं आणि ते एका हाताने द्वारकाच्या फोटोपुढे धरून शीतलला फोटो पाठवला. सोमवारी सकाळी कुरिअरचा माणूस ते घेऊन गेला.

आणि आता बुधवार होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते. अनशापोटी खाण्याची वेळ होऊन गेली होती.

द्वारकाच्या फोनवर एक संदेश आलेला होता, तो मी वाचलाच नव्हता. ‘तुमचे पार्सल मंगळवारी दुपारी ४.१० वाजता पोचले.’

मी ऑर्डर उघडली. नाव होतं, जालना होतं, पिनकोड होता. फोन नंबरच्या जागी फुल्या होत्या. पत्ताही दिसत नव्हता. पार्सल पोचलं की पत्ता झाकला जातो, हे मला तेव्हा कळलं. खाली ‘मदत’ असं बटण होतं. ते दाबलं. यंत्र विचारू लागलं: पैसे मिळाले नाहीत का? गिऱ्हाइकाने वस्तू परत केली का? पार्सलला उशीर झाला का? मी एकेक वाचत गेलो. ‘पाठवलेली वस्तू खाऊ देऊ नका’ असं त्यात कुठेच नव्हतं.

शीतलला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“आईनं साफ केली नव्हती?” ती म्हणाली.

“अर्धवट राहिलं असेल. तू निरोप पाठवू शकतेस का त्यांना?”

“थांबा.” फोनवर तिची बोटं टकटक वाजली. “टाकला मेसेज. खाऊ नका, लगेच फोन करा, तुमचा नंबरही टाकला. पण ॲपमधूनच जातो तो. त्यांनी उघडलं तर दिसेल.”

“उघडलं का?”

“नाही.”

“आता?”

“बाबा, आता कुठे एक मिनिट झालं.” मग तिचा आवाज बदलला. “अंगावर पाजत असेल ती.”

“माहीत आहे.”

“बाळाला काही—”

“शीतल, पत्ता पाहिजे मला.”

“पत्ता कुठून आणू? तो झाकलाय.” ती थांबली. “फोटो. तुम्ही मला फोटो पाठवला होता, खोक्याचा. त्यावर लेबल आहे.”

काशीराम दुकानातच उभा होता. शीतल फोटो मोठा करून वाचत होती आणि मी मोटारीच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेत होतो. शिवनेरी कॉलनी. पाण्याच्या टाकीमागे.

“घर नंबर?”

“त्यावर तुमचा अंगठा आलाय.”

काशीरामने त्याच्या मोटारसायकलवर मला बसस्टँडवर सोडलं. उतरताना त्याने खिशातून रुमाल काढून माझ्या उजव्या हाताला गुंडाळला. “कुठं डोळ्याले हात लावू नका,” तो म्हणाला. “आणि घरी गेलं की खोबरेल लावा.” ते ऐकल्यावर मला आणखी एक गोष्ट आठवली. हिवाळ्यात द्वारकाचे हात कायम खोबरेलाने चोपडलेले असायचे. माझ्या चहाच्या कपाला तो वास लागायचा आणि मी कुरकुरायचो.

जालन्याची गाडी लागलेलीच होती. मेहकर ते जालना अडीच तासांचा रस्ता. खिडकीशी जागा मिळाली. मी दोन्ही फोन मांडीवर ठेवले, माझा आणि तिचा. दर पाचदहा मिनिटांनी शीतलला विचारायचो, वाचला का. ती म्हणायची, नाही. सुलतानपूरला नाही. दुसरबीडला नाही. नंतर मीच विचारायचं सोडलं, कारण फोन वाजला तर काय ऐकावं लागेल याची भीती वाटू लागली.

मी हिशेब करत होतो. काल चारला पार्सल पोचलं. काल संध्याकाळी कोणी खाल्लं असेल का? बाळंतीण आहे, भूक लागत असेल, एकावर थांबली नसेल. आज सकाळी तर खाल्लाच असेल, मीच तसं लिहून दिलं होतं. माझ्या हाताला उतायला दोन दिवस लागले. तोंडात किती वेळ लागत असेल? घशात? आणि दुधातून लेकराकडे जातं का? हे कोणाला विचारायचं ते मला माहीत नव्हतं. द्वारकाला माहीत असणार. गेल्या दोन महिन्यांत अशा किती गोष्टी निघाल्या होत्या. गॅसचं कार्ड कुठे आहे इथपासून.

सिंदखेडराजाला गाडी दहा मिनिटं थांबली. लोक चहाला उतरले. मी उतरलो नाही. पोलिसांत तक्रार झाली तर, हाही विचार आला. परवाना द्वारकाच्या नावावर होता. खोक्यावर तिचं नाव होतं. गेलेल्या बाईच्या नावावर हे लागणार. तेवढ्या वेळात रुमाल ओला झाला होता. फोड फुटले होते.

शिवनेरी कॉलनीत पाण्याची टाकी लांबूनच दिसली. रिक्षावाला टाकीपाशी सोडून गेला. मागे तीन गल्ल्या होत्या, सगळी घरं एकसारखी. पहिल्या घरी वायाळ विचारलं. त्या माणसाने विचारलं, “कुठले वायाळ? इथं चार वायाळ आहेत.”

“ज्यांच्याकडे बाळंतीण आहे ते.”

“ते नाही सांगता येणार. आम्ही नवीन आलोत.”

मी गल्लीतून चालत निघालो आणि दोन्ही बाजूंच्या कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या पाहत गेलो. तिसऱ्या गल्लीत, उजव्या हाताच्या चौथ्या घराच्या गच्चीत दुपटी वाळत होती. लहान लहान, जुन्या साड्यांची फाडलेली. खाली दार उघडं होतं आणि ओव्याच्या धुरीचा वास येत होता. रडण्याचा आवाज नव्हता. गर्दी नव्हती. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना. दवाखान्यात गेले असतील तरी घर असंच शांत असणार.

मी कडी वाजवली.

आतून एक बाई आली. साठीच्या पुढची, नऊवारी, डोक्यावर पदर. पदराचं टोक तिने तोंडावर दाबून धरलं होतं.

“प्रणाली वायाळ इथेच राहतात का?”

“कोन तुम्ही?” तिचा आवाज जड येत होता, तोंडात काही धरून बोलावं तसा.

“मी मेहकरहून आलो. ते लाडू... ते खाऊ नका.”

तिने पदर खाली केला. तिचे ओठ सुजून दुप्पट झाले होते. खालच्या ओठावर फोड होता आणि त्याच्याभोवती पांढरट खोबरेल लावलेलं होतं.

मी पायरीवर बसलो.

“सून?” एवढंच मला विचारता आलं.

“सुनेला काय झालं? आत निजली आहे.”

“तिने खाल्ला का?”

“बसा गुमान,” ती म्हणाली. “आधी श्वास घ्या. मंग विचारा.”

आतून तरुण मुलीचा आवाज आला, “आई, कोण आलंय?”

“लाडूवाले.”

“पाहा, मी म्हटलं होतं ना तक्रार टाकू नका, ते स्वतः—”

“तू पडून राह्य.” म्हातारी माझ्याकडे वळली. “फोनवरून लाडू मागवले तिनं. मला न विचारता. मी म्हटलं, घरात सासू जिती असताना विकतचे कशाला? तर म्हणे, आई, तुम्हाला त्रास नको. हा बघा त्रास.” तिने स्वतःच्या ओठांकडे बोट केलं.

“किती खाल्ले तुम्ही?”

“एक. काल सांजेला. रात्रीतून तोंड पेटलं. सकाळी डॉक्टरकडून सुई घेतली.”

“आणि तिने?”

“एकबी नाही. मी हात लावू दिला नाही.”

मी म्हणालो, “खोकं आणता का?” माझा विश्वास बसत नव्हता. पोरीने सासूच्या मागे खाल्ला असेल, सांगायला भीत असेल. मी रुमाल बांधलेल्या हाताने खोकं उघडलं आणि मोजले. चोवीस भरले होते. बावीस होते. परत मोजले. बावीस.

“एक कमी आहे,” मी म्हणालो.

म्हातारीने खोक्याकडे पाहिलं. मग आतल्या खोलीकडे. तिचा चेहरा बदलला. “प्रणाली,” ती म्हणाली. हाक हळू होती, पण मला त्या आवाजाची भीती वाटली.

प्रणाली दाराशी आली. कान बांधलेले, अंगावर शाल, छातीशी कपड्यात गुंडाळलेलं बाळ. बावीस-तेवीस वर्षांची असेल. “नाही आई,” ती म्हणाली. “बाळाच्यान नाही खाल्ला.”

“मंग गेला कुठं?”

“मला काय माहीत? तुम्हीच तर खोकं कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.”

बाळाने जांभई दिली. मग म्हातारीने कपाळाला हात लावला. “आगं बाई. नैवेद्य.” ती आत गेली आणि देवघरातून वाटी घेऊन आली. वाटीत लाडू होता, त्यावर वाळलेलं तुळशीचं पान. मी तो उचलून खोक्यात टाकला. तेवीस. चोविसावा म्हातारीच्या पोटात.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवण्याइतकी ताकद नव्हती. म्हातारीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“खोक्यावर बाईमाणसाचं नाव आहे,” ती म्हणाली. “द्वारका. कोन ती?”

“माझी बायको.”

“मंग तिला आणायचं होतं संगं. चांगलं विचारलं असतं, गोडंबी अशी घालतात का म्हणून.”

“ती दिवाळीनंतर गेली. लाडू मी केले.”

म्हातारी उंबऱ्यावर बसली. तिने पदर परत ओठांना लावला. तिची नजर माझ्या हातावर गेली.

“तिनं सांगितलं नाही तुम्हाला? राखेत घोळायची, जाड फडक्यात घालून चोळायची. मंग विटकरीच्या भुकटीत परत. धुवायची, वाळवायची, मंद भाजायची. तरी एखादी चुकार राहतेच.”

“मी कधी विचारलं नाही.”

“आन् पहिला लाडू?”

“पहिला लाडू काय?”

“गोडंबीच्या लाडवातला पहिला आपण खायचा. करणारणीनं. आन् एक दिवस थांबायचं. आपल्या तोंडाला काही झालं नाही तर मंग दुसऱ्या दिवशी बाळंतिणीला. माझ्या सासूनं शिकवलं मला. म्हणून तर काल हिला दिला नाही. दुसऱ्याच्या हातचा, तर मंग मीच खाऊन बघावा.” ती थांबली. “तुमची बायको खात नव्हती का पहिला?”

मी तिच्या ओठांकडे पाहत होतो. असे ओठ मी एकदा आधी पाहिले होते. शीतल शाळेत होती तेव्हा. द्वारका चार दिवस पदर तोंडाला लावून फिरत होती. मी विचारलं तर म्हणाली, उष्णता झाली. त्याच आठवड्यात तिने लाडवांची अख्खी परात मागच्या अंगणात खड्डा करून पुरली होती. दोन किलो तूप त्यात होतं. मी तिला शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो होतो. तिने उलट उत्तर दिलं नव्हतं. पंधरा दिवसांनी नवीन लाडू केले, आणि पहिला ओट्याशी उभ्याने खाल्ला.

“खात होती,” मी म्हणालो.

“मंग?”

“मला वाटायचं, तिला धीर निघत नाही.”

प्रणालीने सासूकडे पाहिलं. म्हातारी उठून आत गेली, खोबरेलाची वाटी घेऊन आली आणि माझ्या हातावरचा रुमाल सोडला.

“मला का नाही सांगितलं तिने?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर करू दिलं असतं का तुम्ही?”

“नसतं.”

“मंग.” तिने बोटांच्या बेचक्यांत तेल लावलं. “हात सरळ धरा.”

लाडू मी परत आणले आणि अंगणात पुरले, त्याच कोपऱ्यात. डब्यात उरलेली गोडंबीही पुरली. डबा घासून ठेवला, चिठ्ठी काढली नाही. दुकान बंद करू का, असं शीतलने विचारलं. मी म्हणालो, थांब. त्याच महिन्यात मी परत जालन्याला गेलो, एक किलो बिबे घेऊन. सुलोचनाबाईंनी, म्हणजे प्रणालीच्या सासूने, मला ओट्यावर बसवून शिकवलं. तीन तास शिव्या घातल्या. प्रणाली खिडकीतून हसत होती.

त्याला सहा वर्षं झाली. दुकान अजून द्वारकाच्याच नावाने चालतं. लाडवांना पाच तारे आहेत, पण पाठवायला उशीर करतात म्हणून लोक एखादा तारा कापतात. मी ॲपवाल्यांना कळवून मुदत तीन दिवसांची करून घेतली आहे. त्यापेक्षा लवकर मागितलं तर मी ऑर्डर सोडून देतो.

काल शीतल आली होती. मी सकाळी लाडू वळले आणि पहिला उचलून ओट्याशी उभा राहून खाल्ला. डॉक्टरांनी गूळ बंद केला आहे, पण हा एक मी सोडत नाही. खाताना अजूनही भीती वाटते. जीभ टाळूला लावून पाहतो.

शीतल दारात उभी होती. म्हणाली, “आधी मालकांचं तोंड चालतं का आता?”

तिला सगळं माहीत आहे. तरी म्हणाली. मी हसलो.

“मला द्या एक.”

“तुला उद्या,” मी म्हणालो आणि परातीवर फडकं टाकलं.